न दिसणाऱ्या दिव्याची फजिती

मित्रांनो, मी एक जुना एलईडी दिवा आहे. पण मला पेटलेलं पाहिलं, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. माझा प्रकाश अतिनील. तो माणसांना दिसत नाही. यात माझा काय दोष?

संशोधक ताईंनी नखाएवढ्या काचेवर, गरम द्रावणात, झिंक ऑक्साइडच्या काड्या वाढवल्या. केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक, पण हिरवळीसारख्या दाट. मग पॉलिमरचा थेंब टाकून, तो सारखा पसरावा म्हणून मला असं गरागरा फिरवलं, की ती चक्कर मला अजून आठवते.

माझा एक भाऊही होता. घाईत वाढल्यामुळे त्याच्या काड्यांत दोषच दोष, आणि त्या दोषांमुळेच तो छान पिवळा उजळायचा. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर त्यालाच पुढे करत. मी मात्र वीज पिऊनही काळाठिक्कर. ताई सांगून थकल्या, की पिवळा बिघडलेला आहे, न दिसणारा खरा. पण प्रकाश मोजायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि सरांना पुरावा हवा होता.

"शुक्रवारपर्यंत दाखव, नाहीतर हा विषय बंद," ते म्हणाले. ताईंची तीन वर्षं पणाला लागली.

शुक्रवारी सर चष्मा कपाळावर चढवून माझ्यावर वाकले.

"टक लावून बघू नका सर, डोळ्यांना बाधेल," ताई म्हणाल्या.

"नसलेला प्रकाश बाधतो कसा, तेही दाखव," म्हणत त्यांनी माझ्या तारा काढायला हात पुढे केला. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात जेवणाची वेळ झाली, खोली रिकामी असेल, असं समजून सफाईच्या मावशींनी बाहेरूनच दिवे बंद केले. खोलीला खिडकी नव्हती. मिट्ट काळोख झाला आणि त्यात सरांच्या पांढऱ्या शर्टाची बाही निळी चमकू लागली.

"अगं बाई, सरांची बाही पेटली," मावशी दार किलकिलं करून म्हणाल्या.

"पेटली नाही, मावशी. धुण्याच्या पावडरीत पांढरेपणासाठी रसायन असतं. ते अतिनील प्रकाशात चमकतं." ताई घाईघाईने म्हणाल्या.

सरांनी हात मागे घेतला, काळोख. पुढे नेला, चमक. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. मग म्हणाले, "मावशी, दिवे लावू नका. ताई, फोटो काढ." ताईंच्या अहवालात पहिला पुरावा म्हणून आजही ती बाही आहे.

आता मी थकलोय. भाऊ अजून काचेच्या कपाटात मिरवतो. मी डबीत असतो. मित्रांनो, माझ्या पॉलिमरला दमट हवा सोसत नाही, तेव्हा डबीचं झाकण घट्ट लावा. आणि एखाद्याला निकामी ठरवण्याआधी खोलीतले दिवे एकदा मालवून पाहा. बाही मात्र धुतलेली हवी.