पन्नास वॅट कुठून आले

सासऱ्यांनी चाळीस वर्षं फ्रीज दुरुस्त केले, आणि त्या चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाच्या फरशीवर पाण्याचा थेंब मागे ठेवला नाही. ही गोष्ट ते मुद्दाम कुणाला सांगायला जात नसत. समोरचा माणूस पाच मिनिटं बसला, तर मात्र त्याची तिच्यातून सुटका नसे.

गेल्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा मुलाने दुकान बंद करायला लावलं आणि ‘बाबा, आता आराम करा’ म्हणून त्यांना सोफ्यावर बसवलं. आराम म्हणजे काय, ते त्यांना आठवड्याभरात कळलं. भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग ते बरोबर चालतंय ना म्हणून मनगटावरचं बघायचं, आणि दोन्ही बरोबर निघाली की चिडायचं. तीन महिन्यांत ते घरातल्या पंख्याशीसुद्धा भांडायला लागले होते.

अशात सुनेने नोकरी सोडली आणि इमारतीच्या तळमजल्यावर एक गाळा घेऊन स्वतःचं वर्कशॉप थाटलं. पहिल्याच दिवशी सासरे पान्ह्यांची पिशवी घेऊन तिथे हजर. बोलावलं कुणीच नव्हतं. सुनेने एक स्टूल पुढे सरकवलं, आणि त्या स्टुलावर त्यांना आता आठ महिने झाले होते. आपला इथे खरंच उपयोग आहे, की म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून ही पोर आपल्याला चालवून घेतेय, हे कोडं मात्र त्यांना सुटलं नव्हतं. विचारायचं धाडस तर मुळीच नव्हतं.

सून जे यंत्र बनवत होती, ते होतं कॉम्प्युटर गार ठेवण्याचं. कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावरून नळीतलं पाणी फिरवायचं, आणि ते पाणी पेल्टिअर नावाच्या चपट्या पट्ट्यांवर नेऊन गार करायचं. या पट्टीला वीज दिली की तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. तापलेल्या बाजूची उष्णता दुसऱ्या नळीतलं पाणी खोलीबाहेरच्या जाळीपर्यंत नेऊन सोडतं. कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही, घरघर नाही. सासऱ्यांनी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नाक मुरडलं होतं. कॉम्प्रेसरशिवाय गारवा म्हणजे त्यांना गवयाशिवाय गाणं वाटलं. पण पट्टीला हात लावला, बोट झणकन गार पडलं, आणि त्यानंतर मात्र त्या पट्ट्यांना कुणी नावं ठेवली तर आधी यांच्याशी गाठ होती.

एका रेकॉर्डिंग स्टुडिओला असली बारा यंत्रं हवी होती. कॉम्प्युटरच्या पंख्यांच्या आवाजाने त्यांचे गायक वैतागले होते. फक्त एक अट होती. त्यांच्या तपासनीस बाई शुक्रवारी चार वाजता येणार, आणि उष्णतेचा ताळा बघणार. यंत्रात जेवढी उष्णता आणि वीज आत जाते, तेवढीच उष्णता दुसऱ्या टोकाने बाहेर पडायला हवी. फरक शंभरात पाचाच्या वर गेला, तर तुमची मापंच खोटी, मग तुमच्या गारव्यावर आम्ही विश्वास का ठेवायचा, असा त्यांचा सरळ सवाल होता.

आणि हे जमलं नाही, तर सोमवारपासून सून तिच्या जुन्या ऑफिसात परत जाणार होती. नवऱ्याला तिने तसा शब्दच दिला होता, आणि तिथल्या साहेबांनी खुर्ची सोमवारपर्यंतच अडवून ठेवली होती. म्हणजे वर्कशॉपचं शटर खाली आणि सासरे सोफ्यावर. या विचारानेच शुक्रवारी सकाळी त्यांनी चहा अर्धाच सोडला. आठाच्या ठोक्याला ते स्टुलावर जाऊन बसले.

चाचणीला कॉम्प्युटर लावत नाहीत. त्याच्या जागी एक तापणारी पट्टी लावतात, म्हणजे किती उष्णता दिली ते नेमकं कळतं. सुनेने सगळं चालू केलं, पाणी स्थिरावू दिलं आणि साडेनऊला आकडेमोड केली. तापणारी पट्टी, पेल्टिअर आणि दोन पंप मिळून आत गेले चारशे वॅट. बाहेरच्या जाळीकडे निघाले साडेचारशे.

कमी निघाले असते तर एकवेळ समजलं असतं. उष्णता वाटेत कुठेतरी सांडते. पण जास्त? सासरे म्हणाले की फुकटची वीज सापडली, आता घराचं बिल बंद करून टाकू. सून हसली, पण ते हसू ओठांच्या कडेलाच थांबलं.

तिने थर्मामीटर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवले. दोन्ही शून्यावर येऊन गप उभे राहिले. मग पाण्याचा वेग तपासायचा म्हणून सासऱ्यांनी नळीचं तोंड बादलीत सोडलं आणि मनगटावरच्या घड्याळावर मिनिट मोजलं. वेगही बरोबर निघाला. विजेचा मीटर बदलून पाहिला. पुन्हा चारशे आत, साडेचारशे बाहेर. ते पन्नास वॅट पाहुण्यासारखे येऊन बसले होते आणि जायचं नाव घेत नव्हते.

अकराच्या सुमाराला सुनेला एक शंका आली. गार पाणी बारा अंशांवर होतं, खोली अठ्ठावीसवर, हवाही दमट. तिने वाकून गार नळ्या आणि पाण्याची छोटी टाकी नीट न्याहाळली, बोट फिरवून पाहिलं. सगळं कोरडं ठणठणीत.

‘‘दव धरत नाहीये ना कुठे, बाबा?’’ तिने विचारलं.

‘‘माझ्यासमोर दव धरायची काय बिशाद आहे?’’ सासरे म्हणाले, आणि हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

तिने वहीत ‘दव नाही’ असं लिहून ती शंका खोडून टाकली. मग डोकं दोन्ही हातांत धरून बसली. नवऱ्याचा फोन आला, त्याने गमतीत एखादा आकडा इकडचा तिकडे कर म्हणून सुचवलं, आणि तिने त्याला जे उत्तर दिलं ते ऐकून सासऱ्यांना मुलाची कीव आली.

फोन ठेवल्यावर ती स्वतःशीच मोठ्याने बोलायला लागली. उष्णता आपोआप तयार होत नाही. बाहेर जास्त निघतेय, म्हणजे कुठून तरी आत शिरतेय. खोलीतली नुसती हवा गार नळीला उष्णता देईल, पण ती फार तर वीस वॅट. हवेतल्या वाफेचं नळीवर पाणी झालं असतं तर ती वाफ भरपूर उष्णता देऊन गेली असती, मग हिशेब लागला असता. पण पाणी तर कुठेच नाही.

सासरे खांद्यावरचं फडकं चाचपून बघत होते. शर्ट खांद्याशी ओला झाला होता.

सकाळपासून, दर दहा मिनिटांनी, नळीवर थेंब दिसला रे दिसला की त्यांनी तो टिपला होता. फडकं जड झालं की मोरीत पिळायचं, पुन्हा टिपायचं. त्यात काही विशेष करतोय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. चाळीस वर्षं हात तेच करत आले होते. सून वाकून बघत होती, त्याच्या दोन मिनिटं आधीच त्यांनी टाकी आरशासारखी लख्ख पुसली होती. तिच्या वहीतलं ‘दव नाही’ हे त्यांच्या हातचं काम होतं.

आता मूग गिळून बसता आलं असतं. फडकं दाराआड टाकायचं, अर्ध्या तासाने ‘अगं, हे बघ, थेंब दिसतोय’ म्हणायचं, म्हणजे शोध लावल्याचं श्रेयही पदरात पडलं असतं. हा बेत त्यांच्या मनात येऊन गेला, आणि खोटं कशाला बोला, त्यांना तो आवडलाही. पण सुनेचे सकाळपासूनचे तीन तास त्यांनी फडक्याने पुसून टाकले होते, आणि तिच्याकडे मोजून पाच तास उरले होते.

‘‘सूनबाई,’’ ते म्हणाले, ‘‘पाणी आहे. मी पुसत होतो.’’

तिने वर पाहिलं. त्यांनी फडकं पुढे केलं. आता ती आपल्याला उठवून घरी पाठवणार, आणि ते योग्यच होईल, असं त्यांना वाटलं. ‘उद्यापासून येऊ नका’ हे तीन शब्द ऐकायची त्यांनी मनाची तयारीसुद्धा केली. तिने फडकं हातात घेतलं, वजन पाहिलं, आणि ती जी हसत सुटली ती स्टुलाला धरूनच थांबली.

‘‘अहो बाबा, माझा सगळा पुरावा तुम्ही मोरीत पिळून टाकलात.’’

‘‘सवय गं,’’ ते म्हणाले.

‘‘मग आता तुम्हीच गोळा करून द्या. थेंब सांडायचा नाही.’’

असा हुकूम सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता. त्यांनी नळ्यांखाली पत्र्याची पन्हळ बसवली, टाकीखाली ताट ठेवलं, आणि तासभर हात मांडीखाली दाबून बसले. थेंब लोंबायचा, फुगायचा, पडायचा. दर थेंबाला त्यांची बोटं वळवळत होती. तासाने मोजलं तर पंचेचाळीस मिलिलिटर पाणी. सुनेने गुणाकार केला: तीस वॅट. नुसत्या हवेचे वीस धरले, की पन्नास. पाहुण्यांचा पत्ता लागला होता.

पण कॉम्प्युटरच्या पोटात पाणी गळून कसं चालेल? इथून पुढचं काम सासऱ्यांचं होतं, आणि ते सांगावं लागलं नाही. फ्रीजच्या नळ्यांना घालतात ती काळ्या फोमची नळी त्यांच्याकडे जुन्या मालात होती. सून ती सरळ गुंडाळायला लागली, तर त्यांनी तिचा हात धरला. फोम घातला म्हणजे झालं असं नव्हे, सांध्यातून हवा आत गेली की पाणी आतल्या आत धरतं आणि ते तर दिसतही नाही. प्रत्येक सांधा चिकटवायचा, वर चिकटपट्टी ओढायची, वळणावर तिरका काप द्यायचा. दोन वाजेपर्यंत दोघांच्या बोटांना इतका डिंक लागला होता की पाण्याचा ग्लास हातून सुटेना.

पुन्हा चालू केलं, तासभर स्थिरावू दिलं. आत चारशे, बाहेर चारशे नऊ. सुनेने आकडा तीनदा वाचला. सासऱ्यांनी खाली वाकून बोट फिरवलं. ताट कोरडं होतं, आणि या खेपेला ते कुणी पुसलेलं नव्हतं.

तपासनीस बाई चारला पाच कमी असताना आल्या. चष्मा कपाळावर, स्वतःचा थर्मामीटर पर्समध्ये. त्यांनी स्वतः मापं घेतली, चारशे दहा आले. मग वही मागितली आणि सकाळचे फसलेले तक्तेसुद्धा पहिल्यापासून वाचले. ‘दव नाही’ वर काट, आणि खाली सुनेच्या अक्षरात, ‘दव होतं, पुसलं जात होतं, नंतर मोजलं.’ सासऱ्यांना भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं.

‘‘पहिल्याच फेरीत जुळलेला तक्ता दिसला की मी संशय घेते,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हा मला पटला. बारा यंत्रं करा.’’

त्या गेल्या. मग सुनेने फोन उचलला आणि जुन्या ऑफिसात लावला. सोमवारी येणार नाही, असं तिने स्वच्छ सांगितलं. पलीकडून साहेब काहीतरी लांबण लावत होते. एवढं मोठं काम एकटीने कसं झेपणार, असा त्यांचा सूर असावा, कारण ती मध्येच म्हणाली, ‘‘एकटी कुठे आहे? माझ्याकडे चाळीस वर्षांचा अनुभव असलेले मेकॅनिक आहेत. आज ते नसते तर मी सोमवारी तुमच्याकडे असते.’’

सासरे उठून दारापाशी गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी ते बराच वेळ बघितलं. नाक पुसलं आणि मागे न वळता विचारलं, ‘‘उद्या किती वाजता उघडायचं?’’

‘‘उद्या शनिवार आहे बाबा. नऊला या.’’

‘‘आठला येतो,’’ सासरे म्हणाले.