बिलावरचा एक टक्का

मंगलाला बस हवी होती. हट्टच म्हणा ना! मस्कतच्या गाला भागातलं तिचं ऑफिस सहाला सुटायचं, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, रुवीला घरी सोडायचे ते जमालभाई, आणि त्यांचं स्पेअरपार्टचं दुकान बंद होईस्तोवर बाईसाहेब बंपर-सायलेन्सरांच्या मधे स्टुलावर. नवरा यशवंत तिकडे दूर दुक्म बंदराच्या प्रोजेक्टवर. आठ वर्षांची रश्मी शेजाऱ्यांकडे जेवून तिथंच आडवी व्हायची. मंगलाच्या वाट्याला रोज झोपलेली पोर. जमालभाई पैसे घेत नसत. विषय काढला तरी रागवायचे. या फुकटच्या उपकाराचं ओझं कुणाला सांगायचं?

शनिवारी गालातल्या मराठी दुकानदारांची नि नोकरदारांची सभा भरली. ठराव सरळ होता. दुकानांनी प्रत्येक बिलावर एक टक्का जादा घ्यायचा आणि त्यातून गाला ते रुवी सहाची बस ठरवायची.

"आधीच पाच टक्के व्हॅट, त्यावर हा तुमचा एक?" टायरवाला तय्यब कडाडला. "गिऱ्हाईक काय खुळं आहे? सरळ समोरच्या दुकानात जाईल. ज्याला बसायचंय त्यानं तिकीट काढावं."

"नुसत्या तिकिटावर बस चालत नाही, तय्यबभाई," इंजिनिअर अश्विन म्हणाला. "तुमचे टायर विकणारी माणसं येतात कशी ते बघा. भर उन्हात हायवेवरून तंगड्या तोडत."

मग चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं ते संपेना. चहा गार झाला, माणसं जांभया देऊ लागली. "यल्ला, चला आता, हात वर करा नि खलास करा," कुणीतरी वैतागून म्हणालं.

मंगलाचा हात खांद्यापर्यंत गेला. शेजारी जमालभाई, हात मांडीवर. मेली भीड आडवी आली. यांच्याच गाडीतून आले, यांच्याच गाडीतून जाणार, आणि यांच्याच गल्ल्यावर टक्का लावायला हात वर करायचा? तिनं त्याच हातानं ओढणी सारखी केली.

ठराव एका मतानं पडला.

परतताना अंधारून आलं होतं. जमालभाई स्टिअरिंगला छाती टेकवून, डोळे बारीक करून गाडी हाकत होते.

"दिवे फुटल्यासारखे दिसतात हो," ते म्हणाले. "मोतीबिंदू. बस झाली असती तर ही गाडी विकून मीपण बसनंच आलो-गेलो असतो."

"अहो, मग हात का नाही वर केलात?" मंगला जवळजवळ ओरडलीच.

"तुम्ही बाजूला बसलेल्या ना, ताई. तुम्हाला वाटलं असतं, म्हातारा आता आपल्याला टाळायला बघतोय. आणि तुम्हीही हात खाली घेतलात. म्हटलं, ताईंना गाडीच बरी वाटते."

हसावं की रडावं ते मंगलाला कळेना. तेवढ्यात शेजाऱ्यांच्या फोनवरून रश्मी बोलली. "आई, बस जिंकली?"

"नाही गं बाळा."

"मग उद्यापण मी झोपल्यावरच तू येणार?"

"हो," मंगला म्हणाली, आणि जमालभाईंना समोरचा सिग्नल लाल झाल्याचं सांगितलं.