कागेयामाच्या शेडमधली जागा

कोझुए निशिओला नाही म्हणणं कुरायोशीत कुणाला जमलं नव्हतं, आणि कागेयामाच्या हातून साधा बोल्ट सोडवणंही कुणाला जमलं नव्हतं. दोघं एकाच गावात, नदीच्या अल्याड-पल्याड राहणारी. मग कधीतरी गाठ पडणारच की!

कोझुएचं गॅरेज जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचं. पत्रा ठोकायचा, इंजिन खोलायचं, रंग मारायचा, सगळं ती एकहाती करायची. भंगारवाल्यानेही नाक मुरडलेली गाडी तिच्याकडे सोडावी आणि वर्ष-दीड वर्षाने चालवत घरी न्यावी, असा तिचा लौकिक. कुणी तोंडावर कौतुक केलं तर लाजायबिजायची नाही. "खरंय," म्हणायची आणि पुन्हा गाडीखाली सरकायची.

कागेयामा शाळेत तिच्या दोन इयत्ता पुढे होता. बापाचं भंगाराचं आवार त्याच्याकडे आलं आणि त्याने त्याचं गोदाम केलं. तीन शेड, तिन्ही छतापर्यंत भरलेल्या. दिवे, दारं, काचा, कार्बोरेटर, काय म्हणाल ते. कुठे गाडी मोडीत निघाली, कुणी म्हातारा मालक वारला की हा टेम्पो घेऊन दारात हजर. आणलेला प्रत्येक भाग पुसायचा, तेल लावायचा, कागदात गुंडाळून ठेवायचा. मागायला येईल त्याला एकच उत्तर, "लागेल मला कधीतरी." ते कधीतरी काही उगवत नव्हतं. स्वतःच्या नावावर त्याची एकही जुनी गाडी नव्हती. फिरायला तोच तो खडखडणारा टेम्पो.

आणि गावात एक गाडी अशी होती की ती दोघांनाही हवी होती. इकुताआजींची लाल होंडा एस-आठशे. एवढीशी, दोन माणसांची, पण ओरडायला लागली की डोंगरापलीकडे ऐकू जाईल अशी.

ही गाडी आजींना कुणी दिलेली नाही. तेविशीत, बापाच्या नाशपातीच्या बागेत राबून त्यांनी ती स्वतः घेतली. त्या काळात गावातल्या बायका सायकलसुद्धा बेताने चालवायच्या, आणि ही बया बागेच्या बांधावरून धुरळा उडवत जायची. पुढे लग्न झालं. नवरा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचा म्हणे. मग नवरा गेला, आजींची नजरही गेली, आणि गाडी बागेतल्या शेडमध्ये उभी राहिली. तरी दरवर्षीचा कर त्यांनी कधी चुकवला नाही. मुलगी ओरडायची, "उभ्या गाडीचा कसला कर भरतेस आई?" आजी ऐकायच्या आणि भरायच्या.

कारण होतं नंबराची पाटी. तिच्यावर तोत्तोरी या तिथल्या प्रांताचं जुनं एकच अक्षर, पक्षी या अर्थाचं, आणि त्याच्या शेजारी एकटा पाचाचा आकडा. असे नंबर द्यायचे कधीच बंद झाले. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आहे. गाडी प्रांताबाहेरच्या माणसाच्या नावावर गेली, किंवा मालकच बाहेर राहायला गेला, की पाटी सरकारजमा. मेली ती मेली. गाडीवेड्यांना अशी पाटी दिसली की ते आधी वाकून पाटीला हात लावतात आणि मग गाडीकडे बघतात.

उन्हाळ्यात आजींनी कोझुएला बोलावून घेतलं. पुढ्यात गार जवाचा चहा ठेवला.

"पोरी, नाशपातीचा हंगाम आटपला की मुलगी मला नागोयाला नेतेय. एकटीने निभत नाही आता. मी गेले की पाटी गेली. तू गाडी चालू कर, मला एकदा त्यात बसवून फिरव, आणि तुझ्या नावावर करून घे. तू इथलीच आहेस."

"हंगाम संपायच्या आत करते."

"एवढी खात्री?"

"आजी, मलाच विचारलंत ना? मग!"

शाळेत असताना बांधावरून जाणारी ही लाल गाडी बघूनच कोझुएने पाना हातात घेतला होता. ती आता आपली होणार! त्या दिवशी तिला दोन घास जास्तच गेले.

पण शेडचं छत गळत होतं, आणि ते पाणी इतकी वर्षं थेंब थेंब इंजिनात मुरलं होतं. कोझुएने इंजिन खोललं आणि क्रँकशाफ्ट बाहेर काढला. इंजिनाचा कणाच तो. गंजाने खाऊन देवीचे व्रण उठल्यासारखा झालेला. घासून, भरून भागण्यातला नव्हता. नवा बनवून घ्यावा तर हंगाम उलटून बर्फ पडलं असतं. तिने देशभर फोन लावले. ज्याच्याकडे होता त्याने आधीच बसवलेला, ज्याच्याकडे उरला होता त्याचाही गंजलेला.

शेवटी तोक्योच्या एका दातांच्या डॉक्टरकडे निघाला. शिराई त्याचं नाव.

"क्रँक फुकट घ्या," तो म्हणाला, "पण गाडी मला द्या."

"पाटी जाईल."

"त्यात काय? तुमच्या गावात एक खोली भाड्याने घेतो, कागदावर तिथलाच होतो. कोण बघायला येतंय?"

"डॉक्टर, खोटे दात बसवा, खोटे पत्ते नका बसवू," म्हणत तिने फोन आपटला.

राहता राहिला कागेयामा. ती पूल ओलांडून गेली. तो दारातच बसून एका मागच्या दिव्याची काच पुसत होता.

"या, या, निशिओबाई! आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

"एस-आठशेचा क्रँक आहे तुझ्याकडे. मला ठाऊक आहे."

"आहे की. कोरा. कारखान्याच्या कागदातून बाहेरसुद्धा काढलेला नाही."

"दे."

"लागेल मला."

"कशाला? उशाला घ्यायला?"

कागेयामा हसला. मग काच खाली ठेवून सरळ बसला. "हे बघ, मी काही विकत नाही. पण तो क्रँक त्या गाडीबरोबर जाऊ शकतो. क्रँक गाडीत, गाडी माझ्या नावावर. मीही इथलाच. पाटी जगेल."

"तुझ्या नावावर? भंगारराजा! तू गाडी घेऊन करणार काय? तेल लावून कागदात गुंडाळणार?"

"ते माझं मी बघेन."

कोझुए तिथून निघाली ती पुलावर येईपर्यंत शिव्याच घालत होती. दुसऱ्या दिवशी आजींकडे गेली, तर ओसरीवर खोकी बांधून ठेवलेली. आजींनी पावलांवरून तिला ओळखलं. "लागला का गं भाग?" एवढंच विचारलं, आणि चाचपत हात तिच्या हातावर ठेवला. आपल्या नावावर मुकी गाडी ठेवायची, की दुसऱ्याच्या नावावर बोलती? एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कोझुएला मुळीच आवडत नव्हतं.

ती परत पुलापलीकडे गेली.

"नाव तुझं," ती म्हणाली. "पण पाना माझा. मी जिवंत असेपर्यंत त्या गाडीचं तेलसुद्धा दुसऱ्या कुणी बदलायचं नाही."

"कबूल."

"आणि क्रँक आत्ता. कागद मागाहून."

कागेयामाने तिच्याकडे बघितलं, आत गेला, आणि एखादं तान्हं मूल आणावं तसा तो क्रँक दोन्ही हातांवर घेऊन आला.

इंजिन लागलं. पहिल्यांदा खोकलं, मग गुरगुरलं, आणि मग असं काही किंचाळलं की शेजारच्या मिसोच्या दुकानदाराने खिडकी उघडून टाळ्या वाजवल्या. सरकारी तपासणीही पहिल्याच फेरीत पार. कोझुए म्हणाली, "होणारच होती." पण गाडी पुसताना ती उगाचच जास्त वेळ पुसत बसली.

"तोही इथलाच," म्हणत आजींनी कागेयामाच्या नावाला होकार दिला होता. राहिला होता एकच कागद. गाडी नावावर करायची तर ती उभी करायला आपली जागा आहे हे पोलिसांना दाखवावं लागतं. त्यांचा माणूस फीत घेऊन कागेयामाच्या आवारात आला.

"जागा कुठेय?"

"ही काय," कागेयामाने पहिली शेड दाखवली.

"हा तर डोंगर आहे," तो माणूस म्हणाला. "गुरुवारी परत येतो. गुरुवारी नसली तर अर्ज रद्द."

आजी रविवारी जाणार होत्या.

बुधवारी सकाळी कागेयामा कोझुएच्या गॅरेजात आला. दाढी वाढलेली, हात कोपरापर्यंत काळे.

"तुझ्याच नावावर कर गाडी," तो म्हणाला. "तुझ्याकडे जागा आहे. मला नाही गं जमत. एक एक भाग उचलतो, दारापर्यंत नेतो, आणि परत होता तिथे ठेवतो. वेड लागलंय मला. क्रँक राहू दे गाडीत."

कोझुएला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, मनापासून आनंद झाला. तिला काही मागावंही लागलं नव्हतं. उद्या तिचाच अर्ज, परवा गाडी तिच्या दारात. ती हात पुसत पुसत त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाने जन्मात एकदाच काही शेडबाहेर जाऊ दिलं होतं. कागद नाही, सही नाही, नुसत्या तिच्या शब्दावर. आणि आता मान खाली घालून उभा होता. तिला स्वतःचाच राग आला.

"बोलणं काय झालं होतं आपलं?"

"ते आता राहू दे."

"राहू दे काय? माझा शब्द आहे तो! चल. ट्रक काढते."

"अगं, मला नाही जमणार म्हणतोय ना."

"तुला कोण विचारतंय? उचलणार मी आहे."

तिने शेडच्या तोंडाशी ट्रक लावला आणि पहिलं खोकं उचललं. कागेयामा आडवाच आला. "ते नको! ते मागचे दिवे आहेत. योनागोच्या न्हाव्याच्या गाडीचे. त्याने रडत दिले होते."

"आणि हमादा गावातल्या एका शिक्षिकेची गाडी याच दिव्यांवाचून अडलीय. तिच्या बापाची गाडी."

"मला कुठे बोललीस कधी?"

"चारदा बोलले. तू म्हणालास, लागेल मला."

कागेयामा पुढे आला. खोकं तिच्या हातातून घेतलं, जरा वेळ तसाच धरून उभा राहिला, आणि स्वतः जाऊन ट्रकमध्ये ठेवून आला. मग दाराची चौकट निघाली. "ही कुणाला?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. मग काच, मग स्टीअरिंगचं चाक, मग कार्बोरेटरांचा अख्खा संच. प्रत्येक भाग कुठून आला ते तो सांगायचा, कुठे जाणार ते ती सांगायची. दुपारी त्याच्या बहिणीने ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, आणि राक्क्यो कांद्याचं लोणचं आणून दिलं, ते उभ्या उभ्याच खाल्लं. नंतर नंतर तर तोच पुढे. "हे घे! हेपण घे! कोण आहे याचं? कुणीतरी असेलच की!" संध्याकाळी फरशी दिसली. खाली फरशी आहे हे तो विसरूनच गेला होता. जाऊन तिच्यावर मधोमध उभा राहिला.

"बरी मोठी आहे गं शेड," तो म्हणाला.

गुरुवारी पोलिसांच्या माणसाने फीत लावली, दोनदा मोजलं, आणि शिक्का मिळेल म्हणाला. शुक्रवारी गाडी कागेयामाच्या नावावर झाली.

शनिवारी कोझुए गाडी घेऊन पुलापलीकडे गेली. सकाळीच आजींना तिने कागेयामाच्या आवारात आणून सोडलं होतं. चावी कागेयामाच्या हातात ठेवताना तिने तोंड फिरवलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळे भरलेच. भरले तर भरले! मालकाने आजींना शेजारी बसवलं, दार लावलं, चावी फिरवली. एस-आठशे किंचाळली. आजींचा चेहरा असा उजळला की कोझुएला वाटलं, झालं, मिळालं आपल्याला सगळं.

मग कागेयामाने गिअर टाकला. कर्रर्र! गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चावी, पुन्हा कर्रर्र, पुन्हा उडी.

"थांब," आजी म्हणाल्या.

"सवय नाही आजी, होईल आता."

"उतर."

"अहो, पण गाडी माझी आहे!"

"कागदावर तुझीच आहे, कोण नाही म्हणतंय? उतर मेल्या, मोडशील ती. माझी उद्याची गाडी आहे नागोयाची, तुझं शिकून व्हायची वाट बघत बसू का? पोरी, कुठेयस? ये, बस इकडे."

कागेयामा उतरला. लाल तोंडाने, पण उतरला. कोझुएने बाहीने डोळे पुसले आणि आत बसली.

"कुठे जायचं आजी?"

"बांधावरून. आणि जोरात."

गाडी फाटकातून वळली आणि नदीच्या बांधाला लागली. मागे आपल्या रिकाम्या शेडच्या दारात उभा राहून कागेयामा बोंबलत होता, "सावकाश गं! माझी गाडी आहे ती!"

कोझुएला अगदी स्वच्छ ऐकू आलं. तिने तिसरा गिअर टाकला.