माझ्या पाखऱ्याचा पहिला पट

मित्रांनो, मोहाडीजवळच्या या गोठ्यात रवंथ करत बसलेला म्हातारा सांड एके काळी पटाचा राजा होता. हसू नका. खोटं बोलायची सवय माणसांना असते, आम्हाला नाही.

पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. धान कापून झालं की मोकळ्या शेतात ती भरते. १९७४ पासून सलग चार हिवाळे अड्याळचा पट मीच मारला. माझे मालक मारोतराव यांनी मला कधी तुतारी, म्हणजे खिळ्याची काठी, लावली नाही. त्यांनी नुसतं "हुर्र" केलं की मी सुटायचो. लोक माझ्या खुराखालची माती कपाळाला लावायचे. काय दिवस होते ते!

पुढे गुडघे धरले. गावाने ठरवलं, याला नांगराला जुंपायचं नाही, याचं बीज राखायचं. लांबलांबून गाई येऊ लागल्या. मारोतरावांच्या कपिला गाईला माझाच गोऱ्हा झाला, पाखऱ्या. अंगाने थेट माझ्यासारखा, पण भित्रा. भांडं पडलं तरी आईमागे लपायचा.

१९८१ साली त्याला पटावर न्यायचं ठरलं. मालकीणबाई गिरजाबाई कळवळून म्हणाल्या, "अजी, भेते तो. यंदा नोका नेऊ त्याले."

"खाण तशी माती असते," मारोतराव हसले. "बापाले समोर उभा करतो, मंग पाहा कसा धावते!"

मला हार घालून पटाच्या कडेला बांधलं. पाखऱ्या सुटला, पण अर्ध्यावर बिचकून थबकला. हाकणाऱ्या सुखरामने तुतारी खुपसली. रक्त ओघळलं. मला राहवलं नाही, मी जीव खाऊन हंबरलो.

लेकरूच ते! माझा आवाज ऐकताच शर्यत सोडून, जोडीदाराला ओढत, आडवं माझ्याकडे धावलं आणि बांधावर कोसळलं. पुढचा पाय मोडला.

"काहून टोचला बे त्याले?" मारोतराव ओरडले.

"धावतच नोहोता, मालक," सुखराम रडकुंडीला आला. "तुमच्या सांडाचा हाये म्हून वाटलं, धावन."

आठव्या दिवशी पाखऱ्या गेला. मारोतराव पुन्हा पटावर गेले नाहीत. मला कोणी बोल लावला नाही, तो मीच लावून घेतो.

आता गाई फळवायला दवाखान्यात नेतात, माझ्याकडे कोणी फिरकत नाही. पण माझी वासरं गावोगाव आहेत. मित्रांनो, त्यातलं एखादं तुमच्या गोठ्यात असेल, तर त्याला चारा घाला, मान खाजवा, झेपेल तेवढं काम द्या. फक्त त्याचा बाप कोण होता, ते कोणाला सांगू नका.