हेल्वीच्या बूट मेनूतले हातमोजे

फिनलंडमधल्या ओउलूच्या लिनक्स मंडळात शनिवारची एक रीत होती. कॉफी ओतून झाली की सगळ्यांनी एकदम लॅपटॉप सुरू करायचे आणि कोणती सिस्टीम उघडू म्हणून विचारणारा बूट मेनू शेजाऱ्याला दाखवायचा. त्या दहा सेकंदांचा राजा गेली अकरा वर्षं तौनो होता. त्याने स्वतः घडवलेली काचेसारखी चकाकणारी चिन्हं, खाली नाजूक करडी अक्षरं. गावच्या वाचनालयातल्या सगळ्या कंप्युटरांवर त्याचाच मेनू होता आणि घरी बायकोच्या, हेल्वीच्या लॅपटॉपवरही.

त्या शनिवारी हेल्वीचा पडदा उजळला आणि तौनोचं पित्त खवळलं. त्याच्या चिन्हांचा मागमूसही नव्हता. लिनक्सच्या पेंग्विनच्या जागी लाल हातमोजा, विंडोजच्या खिडकीच्या जागी निळा, खाली ठळक पिवळी अक्षरं. माणसं कॉफी सोडून तिच्याभोवती गोळा झाली, सगळ्यांत पुढे आर्वो. हा आर्वो वसंतात मंडळात आलेला, विधुर, बोलायला गोड, आणि हेल्वीशेजारची खुर्ची दर वेळी बरोब्बर त्यालाच मिळायची. तौनोने ताडलं, हे आर्वोचंच काम. ती आर्वोबरोबर बाहेर जेवून आली असती तरी त्याला इतकं झोंबलं नसतं.

"आर्वो," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "दुसऱ्याच्या घरच्या मशीनला हात लावताना आधी विचारावं माणसाने."

आर्वो गोंधळला. तोच उलट, माझ्याही मशीनला असं करून दे, म्हणून हेल्वीला गळ घालत होता.

तौनोचा विश्वास बसेना. त्याने लॅपटॉप ओढला आणि लाल मोजा मोठा करून पाहिला. चौकोन न् चौकोन सुटा दिसू लागला. विणकामाचा आराखडा होता तो, एका टाक्याला एक चौकोन. मनगटापाशी एक टाका मुद्दाम चुकवलेला. हेल्वी प्रत्येक मोज्यात एक चुकवायचीच. हिवाळाभर ती त्याच्याच शेजारी बसून चौकटीच्या वहीत हे रंगवत होती, आणि हा समजत होता, नातवाचे मोजे चाललेत.

आता हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मंडळाच्या अध्यक्षबाई वाचनालयाच्या कंप्युटरांवर हेच चढवायचं का, असं हेल्वीला विचारू लागल्या, तेव्हा त्याचा पुन्हा तसाच जळफळाट झाला. आर्वोचा त्यात आता काही संबंध नव्हता.

"मला सांगायचंस तरी," तो पुटपुटला.

"तुझी अक्षरं दिसत नाहीत म्हणून तीनदा सांगितलं. तू म्हणालास, चष्मा बदल."

तौनोने लॅपटॉप तिच्याकडे परत सरकवला. मग खरं तेच बोलला. "आर्वोने केलं असतं ना, तर मला कमी लागलं असतं."

"माहीत आहे," हेल्वी म्हणाली. "म्हणून तर लपवून केलं."