वाळकं पान उडालं तेव्हा

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. महाराजांनी डब्यातून वाळकं पान उचललं. शिरा, डाग, कुरतडलेली कड, सगळं पानाचंच. दोन्ही तळव्यांत धरून ते त्यावर फुंकर घालत राहिले.

"ज्याचं पान उडेल त्याचा रोग उडेल. मग औषध घेणं म्हणजे माझ्यावर शंका घेणं. आणि शंकेला माझ्याकडे उतारा नाही."

पान थरथरलं, आतून केशरी रंग चमकला आणि ते उडून पडद्यावर बसलं. ते माझ्या दादाच्या नावाचं पान होतं.

दादा शिंपी, बारा वर्षांपासून मधुमेही. त्याच दिवशी त्याने इन्शुलिन बंद केलं.

वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. गर्दी पांगल्यावर तिने पडद्यावरचं पान अलगद बरणीत घेतलं. घरी दादाला दाखवून म्हणाली, "अहो, याला सहा पाय आहेत. हा पतंग आहे."

"पानात जीव आला, तर पाय येणारच," दादा म्हणाला.

महाराजांच्या कुंपणावरच्या वेलीची पानं अळ्यांनी खाल्लेली होती. त्याच वेलीची डहाळी वहिनीने बरणीत ठेवली. पतंगाने अंडी घातली, अळ्या निघाल्या, वाढल्या आणि पानं गुंडाळून आत कोशात गेल्या. इकडे दादाच्या तळव्यात सुई घुसली. बधिर पायाला ती कळलीच नाही. जखम चिघळली. वहिनी रोज विनवायची, मी भांडायचो, तो ढिम्म. शेवटी तापाने शुद्ध हरपल्यावर आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. दोन बोटं कापावी लागली.

तो घरी आला तेव्हा कोशांतून पतंग बाहेर पडले होते. वहिनीने त्यातला एक थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला आणि गारठून निपचित झालेला तो दादाच्या हातावर ठेवला.

"घाला फुंकर."

ऊब मिळताच पतंग थरथरला आणि उडाला. दादाने पायाच्या पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मला महाराजांच्या सभेत घेऊन चला."

भर सभेत दादाने घरून गारठवून आणलेल्या पतंगावर फुंकर घातली आणि 'पान' उडालं. महाराजांचा डबा मी उघडला. तळाशी बर्फ होता. महाराज म्हणाले, "ही शंकेची बाधा आहे," आणि मागच्या दाराने निघून गेले. काही लोक आमच्यावरच चिडले.

एक बाई मात्र जागची हलली नाही. तिच्या कडेवर मुलगी होती.

"हिच्या फिटच्या गोळ्या मी महिन्यापूर्वी बंद केल्या. आता?"

"आता डॉक्टरांकडे," वहिनी म्हणाली. "डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं, ताई. ते कसं घडलं, एवढंच आपण विचारलं नाही. चला, मी येते बरोबर."