कांदा चिरणारी बाई

धाकटी जाऊ परदेशातून परतली की थोरलीचं डोकं उठायचं. सासूबाई म्हणायच्या, पित्त झालंय. पित्त कसलं, पोटदुखी होती ती, आणि तिच्यावर औषध नव्हतं. धाकटी बॅग उघडायची, सगळं घर भोवती गोळा व्हायचं आणि ती एक नवा मॅग्नेट काढून फ्रिजवर चिकटवायची. अकरा वर्षांत तेहतीस मॅग्नेट झाले होते. त्यांच्यावरची धूळ कोण पुसायचं, हे सांगायला नको.

घराच्या पुढच्या दोन खोल्यांत दोघा भावांची छोटी सहल कंपनी होती. पंधरा माणसं न्यायची आणि त्यांना जुनी गावं, चित्रं आणि तिथलं खाणं दाखवायचं. तिकिटं आणि हॉटेलं भाऊ बघायचे, टिपणं थोरली लिहायची. कुठल्या वेशीपाशी थांबायचं, कुठल्या दगडावर गाड्यांच्या चाकांच्या खाचा आहेत, शिळ्या पावाचं सूप वेढ्याच्या दिवसांत कसं सुरू झालं, हे सगळं ती ग्रंथालयातली पुस्तकं उपसून काढायची आणि सुवाच्य अक्षरात उतरवायची. धाकटी ते पाठ करायची आणि बोलायची. टाळ्या धाकटीला, पत्रं धाकटीला. ‘मॅडम, तुमच्यामुळे भिंती बोलायला लागल्या,’ असं एकाने लिहिलेलं पत्र थोरलीनेच फाइलला लावलं होतं.

खरं तर पहिल्या वर्षी जायची पाळी थोरलीचीच होती. पण चार माणसांसमोर उभं राहिलं की तिच्या तळहातांना घाम फुटायचा, जीभ टाळ्याला चिकटायची. ‘तूच जा गं,’ असं ती आपणहून म्हणाली होती. हे ती पुढे सोयीने विसरली आणि धाकटीने आपल्या तोंडचा घास काढला, एवढंच लक्षात ठेवलं.

सगळ्या टिपणांत तिचा जीव एका पानावर होता. एका लहानशा संग्रहालयात, शेवटच्या दालनात, कुणा अनाम चित्रकाराचं एक चित्र होतं. स्वयंपाकघरात एक बाई कांदा चिरतेय, बस्स. जुन्या, पिवळ्या पडलेल्या एका पुस्तकात थोरलीला ते सापडलं होतं. बाईची सुरी डाव्या हातात होती. थोरली स्वतः डावखुरी, लहानपणी त्या हातामुळे खूप बोलणी खाल्लेली. त्या चित्रावर तिने दीड पान लिहिलं होतं, की राजे-सरदारांच्या गर्दीत चित्रकाराने ही बाई निवडली आणि तिचा हात बदलला नाही. ते दीड पान लिहिताना ती रडली होती. आणि ते लोकांपुढे बोलायची धाकटी, जी दोन्ही वेळा उजव्या हाताने जेवत आली होती!

या वर्षी ऐन वेळी एकाने नाव काढून घेतलं आणि जागा रिकामी झाली. सासूबाई म्हणाल्या, ‘‘थोरले, तू जाऊन ये. माझे गुडघे चोळायचे राहिले तर राहिले, ते काही पळून जात नाहीत.’’

थोरली तयार झाली, पण अट घालून. ‘‘मी कोण, ते कुणाला सांगायचं नाही. साधी प्रवासी म्हणून येणार.’’

‘‘का गं, ताई?’’

‘‘उगाच.’’

उगाच काही नव्हतं. एखाद्या दालनात भर लोकांत असा एक प्रश्न विचारायचा, की धाकटीची बोबडी वळावी आणि ही विद्या उसनी आहे हे बाकीच्या चौदा माणसांना कळावं, असा बेत होता. टिपणांची आपली प्रत तिने बॅगेत तळाशी घातली होती.

पहिले तीन दिवस तिचा नुसता जळफळाट झाला. वेशीपाशी धाकटीने चाकांच्या खाचांत बोटं घालून दाखवली, तेव्हा लोक लहान मुलांसारखे पुढे सरसावले. मंडईत तिने पाववाल्याकडून कालचा पाव मागून घेतला, सगळ्यांच्या हातावर तुकडा तुकडा ठेवला आणि म्हणाली, ‘‘आधी हा चावून बघा, मग सूप पिऊ.’’ टिपणात पाव नव्हता. ही युक्ती धाकटीची स्वतःची होती आणि चांगली होती, म्हणून थोरलीला ती जास्तच झोंबली. सूप सुरेख होतं. तिने अर्धं टाकलं.

चौथ्या दिवशी ते संग्रहालय आलं. थोरलीने सकाळी उठून ठेवणीतली साडी नेसली. आपल्या माणसाला भेटायला निघाल्यासारखी ती निघाली होती. धाकटीने एकेक दालन रंगवून सांगितलं आणि शेवटच्या दालनाच्या दारात आल्यावर घड्याळाकडे बघितलं.

‘‘इथे विशेष काही नाही. चला, जेवायला उशीर होतोय.’’

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. विशेष काही नाही? तिचं दीड पान, तिचं रडणं, विशेष काही नाही? घाम विसरून ती पंधरा माणसांत पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, ‘‘आणि ती कांदा चिरणारी बाई?’’

धाकटीचा चेहरा उतरला. ‘‘ताई, नको ना,’’ ती हळूच म्हणाली.

‘‘नको कसं? आम्ही बघायला आलोय.’’

तेवढ्यात डेंटिस्टकाका पुढे आले. हे निवृत्त गृहस्थ आणि त्यांची बायको याच सहलीला दुसऱ्यांदा आले होते. ‘‘अहो हो, मॅडम! ते चित्र तर हवंच. त्या जाऊबाईंची गोष्ट सांगा ना!’’ असं म्हणून त्यांनी सगळ्यांना आत ढकललंच.

थोरली सर्वांत पुढे होती. चित्र पुस्तकातल्यापेक्षा लहान वाटलं. चूल होती, परडी होती, खिडकीतला उजेड होता. पण खिडकी भलत्याच बाजूला होती, आणि सुरी उजव्या हातात. तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. सुरी उजव्याच हातात होती. पुस्तकवाल्याने चित्र उलटं छापलं होतं आणि अकरा वर्षं ती त्या उलट्या बाईला जीव लावून बसली होती.

‘‘मॅडम लाजतायत, मीच सांगतो,’’ काका हौसेने म्हणाले. ‘‘ही सगळी माहिती लिहितात यांच्या जाऊबाई. प्रत्येक सहलीत मॅडम ते आधी इथे सांगतात म्हणे, की मी नुसती बोलणारी, शब्द त्यांचे. त्या बाई डावखुऱ्या. लहानपणी डाव्या हाताने जेवल्या की आई चिमटे काढायची. त्यांना हे चित्र पुस्तकात उलटं दिसलं आणि वाटलं, चला, जगात आपल्यासारखी कुणीतरी आहे. मॅडमनी त्यांचं ते पान वाचून दाखवलं, तेव्हा आमची ही रडली हो इथेच. आणि चित्र उलटं छापलंय, हे मॅडमनी त्यांना अजून सांगितलेलं नाही! त्यांनी मागितला तरी फोटो देत नाहीत, म्हणतात, तिथे काढू देत नाहीत.’’

लोक चित्राकडे बघत राहिले. कुणीतरी नाक ओढलं.

थोरलीला काय वाटलं म्हणाल, तर सगळ्यांत आधी हेवाच वाटला. चूक तिची, हात तिचा, दुःख तिचं, आणि गोष्ट मात्र धाकटीने तिच्याहून चांगली सांगितली होती. मग लाज वाटली. अकरा वर्षं जिला चोर म्हटलं, तिने चोरलं काहीच नव्हतं. उलट, मोडलेली वस्तू पदराखाली झाकावी तशी तिची चूक झाकून ठेवली होती. आता हेवा करायलाही धड जागा उरली नव्हती.

धाकटी भिंतीशी उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण ओठ घट्ट मिटलेले होते. थोरली कोण, ते सांगायचं नाही म्हणजे नाही, शब्द दिला होता तिने.

‘‘मग त्या जाऊबाईंना एकदा आणा की इथे,’’ काकांची बायको म्हणाली.

थोरलीच्या तळहातांना घाम फुटला. जीभ टाळ्याला चिकटली. बेताप्रमाणे सगळ्या माणसांना कळायची वेळ आली होती, फक्त शब्दांबरोबर चूकही तिच्या नावावर लागणार होती. तिने शाळेत करतात तसा हात वर केला. डावा.

‘‘आलेय,’’ ती म्हणाली. ‘‘ती जाऊबाई मीच. आणि आई चिमटे नव्हती काढत. पळी मारायची. पितळी.’’

धाकटीने डोळे पुसले, पर्समधून पेन आणि घडी घालून जपलेलं थोरलीचं दीड पान काढलं आणि ते उघडून त्याच्या समासात लिहायला घेतलं.

‘‘पितळी पळी,’’ ती म्हणाली. ‘‘बोल ताई, पुढे सांग.’’